बाबांच्या जेवणावरचा कर

न्यूझीलंडमध्ये पहिली चार वर्षं माझ्या कारंज्याच्या घराबद्दल मला कोणी काही विचारलं नाही. तसा तिथला कायदाच आहे. नव्यानं राहायला आलेल्या माणसाला बाहेरच्या देशातून घरभाडं येत असेल, ठेवीचं व्याज येत असेल, तर ते सरकार चार वर्षं तिकडे बघत नाही. दारात आलेल्या पाहुण्याच्या पिशवीत काय आहे हे आपण विचारत नाही, तसं. मग चार वर्षं संपली. आता मी पाहुणी राहिले नव्हते. जगात कुठंही मिळालेलं माझं उत्पन्न तिथल्या हिशोबात धरायचं होतं, म्हणजे कारंज्याच्या खालच्या मजल्याचं भाडंसुद्धा.

मी तिथे दूध भुकटीच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर स्निग्धांश मोजायचा, ओलावा मोजायचा. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि कोणी अंदाजपंचे बोललं की माझं डोकं फिरतं. आई म्हणायची, "या पोरीच्या नाकावर रागबी हाय आन तराजूबी." तेव्हा भाड्याचा आकडा सांगायचा म्हटल्यावर मला काहीच वाटलं नाही. एक फोन, एक आकडा, संपलं.

घर साधं आहे. बसस्टँडपासून चालत जाता येईल अशा वस्तीत, खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या, बाहेरून जिना. पाया आणि भिंती बाबांच्या निवृत्तीच्या पैशांत झाल्या, स्लॅब आणि वरचा मजला माझ्या पगारात, आणि बाबांनी हट्टानं सगळं माझ्या नावावर केलं. आई गेल्यापासून वर बाबा एकटेच. खाली एसटीत कंडक्टर असलेली एक बाई भाड्यानं राहते. माझ्याहून थोडी लहान. नवरा दुसऱ्या डेपोत ड्रायव्हर, सुटीला येतो. माहेर मानोऱ्याकडचं, शेतीवाडीचं, गावात पाटलांचं म्हणून ओळखलं जाणारं घर. बाबांना ती बाबाच म्हणते. फोनवर मागून तिचा तो आवाज आला की मला थोडा हेवा वाटायचा, हेही सांगून टाकते.

"बाबा, खालचं भाडं किती येतं आता?" मी विचारलं.

"येऊन राह्यलं न. तुले काहून पायजे?"

"इथल्या सरकारला सांगायचंय."

"तिथल्या सरकारले?" मग ते हळूच म्हणाले, "तिथल्या सरकारले कारंजा माहीत हाय?"

त्या आवाजात काय होतं ते कळायला बाबांचं आयुष्य माहीत असायला हवं. बाबा नगरपालिकेत घरपट्टी-पाणीपट्टी वसुलीला होते. सायकलवर, उन्हातान्हात, दारोदार. लोक त्यांना पाहून आतून सांगायला लावत की घरी कोणी नाही. पण बाबांना त्या कामाचा अभिमान होता. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "ज्याच्या नावानं पट्टी फाटते तो मालक. बाकी सारे राहणारे." आपल्या घराची पहिली घरपट्टी त्यांनी पेढे वाटून भरली होती. कर भरल्याचे पेढे वाटणारा दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

तर आकडा काही मिळाला नाही. बाबांनी विषय सोयाबीनच्या भावावर नेला. वास्तविक आमच्याकडे एक वावरसुद्धा नाही. माझं डोकं फिरलं आणि मी थेट खाली फोन लावला. कंडक्टरबाई बसमध्ये होती. घंटी, गोंगाट, कोणाच्या तरी पिशवीतली कोंबडी.

"ताई, भाडं तं रोज देऊन राह्यली न मी," ती हसत म्हणाली. "सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा."

मला वाटलं थट्टा करते आहे. थट्टा नव्हती. बाबांना काचबिंदू झाला होता. एका डोळ्याचं दिसणं जवळजवळ गेलं होतं, दुसरा अर्धवट. त्यांनी मला हे सांगितलं नव्हतं आणि तिलाही सांगू दिलं नव्हतं. गॅसवरची भाजी करपल्याचा वास खाली दोनतीनदा गेला, तेव्हा ती वर आली आणि म्हणाली की आजपासून दोन्ही वेळचं ताट मी आणते. बाबा म्हणाले की मग तू भाडं देऊ नको. ती म्हणाली बरं. जिन्याच्या पायरीवर उभ्या उभ्या एवढंच बोलणं झालं. गेल्या जुलैपासून सगळा कारभार त्या एका 'बरं'वर चालला होता. मध्ये ती त्यांना अकोल्याला डोळे दाखवायला नेत होती, थेंब टाकत होती, आणि मी तिकडे हजारो कोसांवर दुधाचा ओलावा मोजत बसले होते.

मी रागावले, रडले, मग पुन्हा रागावले. पण कराचा प्रश्न तसाच होता. भाडं आहे की नाही?

आमच्या गावच्या, म्हणजे तिकडच्या गावच्या वाचनालयात एक निवृत्त हिशोबनीस बाई आठवड्यातून एकदा बसते आणि बाहेरून आलेल्यांना कराचे नियम फुकट समजावते. पांढरे आखूड केस, गळ्यात चष्म्याची दोरी. मी तिच्यासमोर बसले आणि लाजत लाजत सांगितलं की भाडं येतं, पण ते जेवणाच्या रूपात, आणि ते मी नाही, माझे वडील जेवतात. ती हसेल अशी माझी पक्की खात्री होती. तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला.

ती म्हणाली, घर तुझ्या नावावर आहे? आहे. जेवण घराच्या बदल्यात ठरलं आहे? ठरलं आहे. मग ते भाडंच. पैसे असोत किंवा पैशाच्या मोलाचं काही असो. आणि ते वडिलांच्या ताटात तुझ्या वतीनं पडतं, तेव्हा उत्पन्न तुझं. मग तिनं विचारलं, जेवणात काय असतं?

मी सांगितलं. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, एखादी भाजी, कधी झुणका, ठेचा. भाकरी हा शब्द तिनं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला आणि जपून लिहिला. मग म्हणाली, असं जेवण त्या गावात विकत घ्यायचं झालं तर काय पडतं, ते शोधून आण. अंदाज नको.

अंदाज नको! त्या दिवशी मी वाचनालयातून बाहेर आले आणि समोरच्या बाकावर किती तरी वेळ बसून राहिले. पृथ्वीच्या पार टोकाला, चारी बाजूंनी समुद्र असलेल्या एका देशात, एक म्हातारी बाई पूर्ण गंभीरपणे विचारते आहे की कारंज्यात भाकरी काय भावानं पडते. आमच्या त्या जिन्यावरून वर जाणारं ताट कोणत्या तरी कायद्याला दिसत होतं. मी भारावून गेले. कर खात्यामुळे माणूस भारावतो हे कोणाला सांगितलं असतं तर त्यानं मला वेड्यात काढलं असतं, म्हणून मी कोणाला सांगितलं नाही.

भाव काढायला मी कंडक्टरबाईलाच सांगितलं. तुमच्या तिथे डबा लावला तर महिन्याला काय घेतात ते विचारून ठेवा, इथल्या सरकारला सांगायचं आहे. कशासाठी तेही सांगितलं, पण ती ड्युटीवर होती आणि माझं सांगणं घाईचं होतं. तिच्या मनात एवढंच राहिलं की भाडं पैशांत दिलं नाही म्हणून ताईला परदेशात सरकार धरणार आहे. ती बाई भल्या मनाची. तिनं जुन्या दरानं भाडं थेट माझ्या खात्यात भरून टाकलं, आणि संध्याकाळी ताट घेऊन वर जाताना आनंदानं सांगितलं, "बाबा, भाडं भरून टाकलं मी. ताईले तरास नको. जेवणाचं काय, ते तं घरचंच हाय."

बाबांनी त्या संध्याकाळचं ताट घेतलं, झाकून ठेवलं, आणि सकाळी तसंच्या तसं खाली नेऊन दिलं.

तिला वाटलं पोट बिघडलं असेल. पण दुसऱ्या दिवशीही तेच. त्यानंतरही तेच. विचारलं की म्हणत, "तुह्या जेवणाले नाव नाई ठेवत माय, पण आता मी करून घेतो." अर्ध्या डोळ्यानं ते वरण चढवू लागले. एका सकाळी तव्यावर भाकरी समजून त्यांनी नुसत्या तव्यावर हात ठेवला. तिनं मला फोन केला तेव्हा ती रडत होती. "ताई, मायं काय चुकलं सांगा न. बाबा जेवून नाई राह्यले."

मी विमानाचं तिकीट काढलं.

घरी पोचले तेव्हा चैत्राचं ऊन पेटलं होतं. रामनवमी जवळ आलेली, पोहरादेवीच्या यात्रेला जादा गाड्या सुटत होत्या आणि कंडक्टरबाई सकाळी गेली की धुळीनं माखून परत येत होती. बाबा वरच्या गच्चीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. उजव्या हाताला मलमपट्टी. गाल आत गेलेले. मी समोर उभी राहिले तरी त्यांनी मान वाकडी करून, ज्या कोपऱ्यातून दिसतं त्या कोपऱ्यातून मला शोधलं. मला तिथेच भडभडून आलं.

"बाबा, ती तुम्हाला मुलीसारखी आहे," मी म्हणाले.

"सारखी हाय. म्हणून तं म्हणतो."

"मग खात का नाही?"

"लेकीच्या घरचं खाईन. तू केलं तं खाईन. दुसऱ्याच्या घरची फुकटची भाकर नाई."

यामागचं मला माहीत होतं. माझे आजोबा मेडशीकडच्या एका गावात गावकीची कामं करायचे आणि त्या कामाचा मोबदला म्हणून संध्याकाळी टोपली घेऊन दारोदार भाकरी मागून आणायचे. शिळ्या, वरून टाकलेल्या. अंगणाबाहेर उभं राहून घ्यायच्या. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर त्यांनी ती टोपली चुलीत घातली. बाबा तेव्हा लहान होते. टोपली जळताना त्यांनी पाहिली होती, एवढंच त्यांनी मला आयुष्यात एकदा सांगितलं आहे. त्या टोपलीनंतर आमच्या घरात मागितलेली, दिलेली, उरलेली भाकरी कधी आली नाही. लग्नात जेवायला गेले तरी बाबा अहेर आधी देतात आणि मग पंगतीला बसतात.

आणि खालची बाई पाटलांच्या घरची. तिच्या मनात यातलं काही नव्हतं. तिला हे माहीतही नव्हतं, आणि तिला वाईट वाटेल म्हणून बाबा तिला ते कधीच सांगणार नव्हते. भाड्याच्या बदल्यात होती तोवर ती भाकरी बाबांची हक्काची होती. वांगं कडक राहिलं तर ते जिन्यावरून ओरडून सांगायचे. भाडं खात्यात पडलं आणि तीच भाकरी एका दिवसात दान झाली.

मी म्हटलं, तिनं भरलेले पैसे परत करते. बाबा म्हणाले, एकदा दिलेलं भाडं परत करणं म्हणजे तिच्यावर उपकार, आणि मग ती उपकारापोटी खाऊ घालणार. नको. मी म्हटलं, स्वयंपाकाला बाई ठेवू. म्हणाले, ठेव, मी तिचा पगार माह्या पेन्शनमधून देईन, पण खालची रोज जिन्यात उभी राहून रडते त्याचं काय करतं? मी म्हटलं, माझ्याकडे चला. बंद होत चाललेल्या डोळ्यांनी ज्या घराचा प्रत्येक कोपरा हातानं कळतो ते सोडून ते कुठे जाणार होते? मी संतापून म्हणाले की तुमच्या हट्टापायी तुम्ही मराल. ते म्हणाले, "बरं."

दोन दिवस मी स्वयंपाक केला आणि ते जेवले. माझी रजा थोडीच उरली होती. मी गेल्यावर हा माणूस पुन्हा त्या तव्याजवळ उभा राहणार होता.

तिसऱ्या दिवशी कराचं काम उरकावं म्हणून मी कारंज्यातल्याच एका कर सल्लागाराकडे गेले. तरुण मुलगा, टेबलावर कागदांचा ढीग, मागे बाजार समितीतून येणारा ट्रॅक्टरांचा आवाज. त्याला सगळं सांगितलं. तोही हसला नाही. म्हणाला, "ताई, इथलंबी तसंच हाय. घर ज्या भाड्यानं जाऊ शकते ते भाडं धरायचं. तुमी नोटा घ्या नाईतर भाकरी घ्या." दुरुस्तीपोटी ठरावीक वजावट मिळते, घरपट्टी भरली तर तीही वजा. पण एक अडचण त्यानं सांगितली. मालक परदेशात राहत असला तर भाडेकरूनं भाडं देतानाच सरकारचा हिस्सा कापून भरायचा असतो, जवळपास तिसरा हिस्सा. रक्कम लहान असली तरी सूट नाही. नंतर मालकानं विवरणपत्र भरून जास्तीचा परत मागायचा.

"जेवणातून कसा कापायचा?" मी विचारलं.

"भाड्यातला काही भाग रोख ठेवा. जेवणाची किंमत त्यात मिळवा, साऱ्याचा मिळून कर काढा, आन तो रोखीतून कापा." मग त्यालाच हसू आलं. "नाईतर तिसरा हिस्सा भाकर तोडून सरकारले पाठवा लागन."

मी उठता उठता सहज म्हणाले की माझे वडील तर ही भाकरी फुकटची समजून खाईनासे झालेत. तो कागद लावत म्हणाला, "फुकटची कशी? फुकट असती तं कर कशाले लागला असता?"

मी त्याच्या दारात उभी राहिले. हे मला का सुचलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. दोन सरकारांच्या दारी मी ही भाकरी नेली होती, दोघांनीही तिला भाडं म्हटलं होतं, आणि ज्या एका माणसाला हे सांगायला हवं होतं त्याला सोडून मी सगळ्यांना सांगितलं होतं. घरापर्यंत मी अक्षरशः पळत गेले, त्या उन्हात.

कंडक्टरबाई नुकतीच पहिल्या फेरीवरून आली होती, दुपारी पुन्हा जायचं होतं. तिला हाताला धरून वर आणलं. बाबा खुर्चीत. मी म्हणाले, "बाबा, एका कराचं काम आहे, तुमच्याशिवाय होत नाही."

ते ताठ झाले. कर म्हटल्यावर निवृत्तीनंतरही त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे जातो, पेन चाचपायला.

मी पहिल्यापासून सांगितलं. न्यूझीलंडची चार वर्षं. मग साऱ्या जगातलं उत्पन्न. वाचनालयातली बाई. तिनं भाकरीची किंमत विचारली ते सांगितलं तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"पुन्हा सांग. तिनं काय इचारलं?"

"की असं जेवण कारंज्यात विकत घेतलं तर काय पडतं. अंदाज नको म्हणाली."

"अंदाज नको म्हणाली," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांवर पट्टी लावत फिरलेला माणूस, आणि आज साता समुद्रापलीकडून कोणी त्याच्या ताटावर पट्टी लावायला आलं होतं. "मंग तू काय भाव सांगितला?"

"अजून सांगितला नाही. डब्याचा विचारलाय." मी कंडक्टरबाईकडे पाहिलं. तिनं स्टँडजवळच्या खाणावळीचा दर सांगितला.

"तो कायचा डबा?" बाबा भडकले. "त्याच्या वरणात तुरीची डाळ शोधा लागते. हिच्या जेवणाले तो भाव लावता? कमी दाखवून कर चुकवते काय? वरचा भाव लाव."

"बाबा, वरचा भाव लावला तर कर जास्त लागेल."

"लागू दे न. मी भरतो."

कंडक्टरबाईनं तोंडावर पदर घेतला. हसत होती की रडत होती ते कळलं नाही, बहुतेक दोन्ही. ती म्हणाली, "म्हंजे बाबा, मी तुमाले ताट द्यायच्या आधी सरकारचा हिस्सा कापाचा. बसमध्ये तिकीट फाडते तसं."

"कापाच लागते," बाबा म्हणाले. "कायदा हाय." मग माझ्याकडे तोंड करून, "आन दोनदा कर? इथंबी आन तिथंबी? हे बरोबर नाई."

मी सांगितलं की एकाच भाकरीवर दोनदा नाही. इथे शेवटी जेवढा भरू तेवढा तिथे वजा होतो. पण आपलं इथलं उत्पन्न इतकं थोडं आहे की इथे कापलेलं बहुतेक सगळं परत येईल, आणि खरा कर तिथेच जाईल.

"म्हंजे माह्या भाकरीच्या पैशानं तिथले रस्ते होतीन?"

"थोडेसे. चिमूटभर."

गच्चीवरच्या पत्र्यावर कावळा उतरला, पाय भाजले असतील, लगेच उडाला. बाबांच्या ओठांची हालचाल चालू होती, जणू एखादी मोठी रक्कम मनातल्या मनात मांडत होते. मला भीती वाटली. आता ते म्हणतील की पोरी, हा तुझा डाव आहे, मला खाऊ घालण्यासाठी. आणि तसं म्हणाले असते तर माझ्याजवळ दुसरं काहीच उरलं नव्हतं.

"तिथल्या सरकारनं त्याले काय नाव देल्लं?" त्यांनी विचारलं. "नीट सांग. दान म्हणते का? मदत म्हणते?"

"भाडं म्हणतं, बाबा."

"आन आपलं सरकार?"

"तेही भाडंच म्हणतं. आता आपण लेखी करार करू, त्यातही तेच लिहायचं. थोडं रोख, आणि दोन वेळचं जेवण. हे जेवण दिलं नाही तर भाडं थकलं."

शेवटच्या वाक्यावर कंडक्टरबाईनं जोरात मान हलवली, जणू ते बाबांना दिसणार होतं.

बाबांनी खुर्चीच्या दांड्यावर डावा हात टेकला आणि उभे राहिले. मान वाकडी करून त्यांनी तिला शोधलं. ती जिन्याच्या दाराशी होती, खाकी गणवेशात, केसांत पोहरादेवीच्या रस्त्याची धूळ. वसुलीला गेल्यावर दारात उभं राहून बोलायचे तो त्यांचा आवाज होता. मी लहानपणी सायकलच्या दांडीवर बसून ऐकलेला, नंतर कित्येक वर्षांत न ऐकलेला.

"बाई," ते म्हणाले, "बारा वाजून गेले. आजचं भाडं अजून आलं नाई."